सर्व्हलेटमधून पाठवलेलं पान: शीर्षकात प्रश्नचिन्हं, तळाशी रोमन कचरा

पहिलीपायरी

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

कामावर एक जुनं जावा अ‍ॅप्लिकेशन माझ्याकडे आलं आहे. त्यात स्प्रिंग नाही, टेम्प्लेट इंजिन नाही. साधे सर्व्हलेट आहेत, म्हणजे ब्राउझरच्या मागणीला उत्तर देणारे जावा वर्ग. प्रत्येक सर्व्हलेट डूगेटमध्ये रायटर मागून घेतो आणि प्रिंटलाइनने एकेक ओळ करत अख्खं पान ब्राउझरला पाठवतो. आजवर सगळी चाळीस पानं इंग्रजी होती, आता तीच मराठीतही द्यायची आहेत.

एका पानापासून सुरुवात केली. शीर्षक थेट कोडमध्ये मराठीत लिहिलं. तळाचा मजकूर सगळ्या पानांवर सारखाच असतो, तो एका वेगळ्या फाइलमध्ये आहे. तिचंही मराठी करून ठेवलं. दोन्ही फाइली यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केल्या आहेत, दोनदा तपासलंय. पानाच्या हेडमध्ये मेटा टॅगही यूटीएफ-८ चाच आहे.

सर्व्हरवर टाकल्यावर दिसतं ते असं: शीर्षकाच्या जागी ?????? आणि तळाच्या मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए, चलनाच्या चिन्हासारखं काहीतरी, मधूनमधून प्रश्नचिन्हं. एकाच पानावर दोन तऱ्हा! माझ्या लॅपटॉपवर मात्र दोन्ही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं येतात. दोन दिवस गेले यात. ब्राउझर बदलून पाहिले, फॉन्ट टाकून पाहिले. कुठून बघायला सुरुवात करू?

तळटीप

फॉन्टचा इथे संबंध नाही. फॉन्ट नसेल तर रिकामे चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं दिसत नाहीत. कर्ल (कमांड लाइनवरून पान मागवायचं साधन) चालवून सर्व्हरकडून आलेले हेडर जसेच्या तसे इथे टाका. कंटेंट-टाइपची ओळ पाहिली की निम्मं कोडं सुटेल.

पहिलीपायरी

ही ओळ आली:

कंटेंट-टाइप: टेक्स्ट/एचटीएमएल;कॅरसेट=आयएसओ-८८५९-१

हे मी कुठेच लिहिलेलं नाही! कोडमध्ये फक्त टेक्स्ट/एचटीएमएल एवढंच आहे. सगळा प्रोजेक्ट शोधून झाला.

रिकामी_ओळ

तुम्ही लिहिलं नाही म्हणूनच ते आलं. सर्व्हलेटच्या स्पेसिफिकेशनमध्येच ठरलेलं आहे की रायटर मागण्याआधी कोणी कॅरेक्टर सेट सांगितला नसेल, तर आयएसओ-८८५९-१ धरायचा. तुमचे सर्व्हलेट चालवणाऱ्या टॉमकॅटने तो धरला आणि हेडरमध्येही लिहून टाकला. ब्राउझरसाठी हेडरचा शब्द मेटा टॅगच्या वर असतो, त्यामुळे पानाच्या पोटातला तुमचा टॅग कोणी विचारातच घेतला नाही.

आता त्या दोन तऱ्हांकडे या. त्या सारख्या वाटल्या तरी दोन अगदी वेगळे आजार आहेत, आणि हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढे आयुष्यभर वेळ वाचतो.

रायटरचं काम अक्षरांचे बाइट करणं. आयएसओ-८८५९-१, म्हणजेच लॅटिन-१, मध्ये एका अक्षराला एकच बाइट. एकूण २५६ जागा, आणि त्यांत देवनागरीला एकही नाही. "म" समोर आला की रायटर त्याच्या जागी प्रश्नचिन्हाचा बाइट ठेवतो आणि पुढे जातो. अपवाद फेकत नाही, लॉगमध्ये ओळ टाकत नाही. म्हणजे ?????? दिसली की समजायचं, अक्षरं सर्व्हरवरच मेली. ब्राउझरपर्यंत खरोखरच प्रश्नचिन्हं पोचली आहेत, तिकडे कितीही सेटिंग बदला, काही परत येणार नाही.

उलट तो रोमन कचरा. यूटीएफ-८ मध्ये "म" म्हणजे तीन बाइट: २२४, १६४, १७४. हेच तीन बाइट कोणी लॅटिन-१ समजून वाचले तर तीन वेगळी अक्षरं दिसतात: २२४ म्हणजे तिरक्या रेघेचा ए, १६४ म्हणजे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह, १७४ म्हणजे वर्तुळातला आर. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५, म्हणून तुम्हाला तेच ते ए पुन्हा पुन्हा दिसताहेत. इथे बाइट बरोबर होते, ते वाचणाऱ्याने चुकीच्या चष्म्यातून वाचले. तो वाचणारा ब्राउझरच असेल असं नाही, त्याकडे नंतर येऊ.

आधी पहिला आजार बरा करा. सेटकंटेंटटाइपमध्ये टेक्स्ट/एचटीएमएलच्या पुढे अर्धविराम देऊन कॅरसेट यूटीएफ-८ लिहा, आणि ही ओळ गेटरायटरच्या आधी ठेवा. रायटर हातात आल्यानंतर कॅरेक्टर सेट बदलण्याच्या सूचनेकडे सरळ दुर्लक्ष होतं, त्याचीही तक्रार कुठे उमटत नाही.

अर्धविराम

वाखुसा (वाचनखूण साठवली). मी चार वर्षं जावा लिहितोय, आणि प्रश्नचिन्हं आणि रोमन कचरा यांत फरक असतो हे आज कळलं.

पहिलीपायरी

रिकामी_ओळ, मनापासून आभार. माझ्या कोडमध्ये सेटकंटेंटटाइपची ओळ होती, पण ती गेटरायटरच्या दोन ओळी खाली. वर नेली, यूटीएफ-८ लिहिलं.

लॅपटॉपवर पान आता पूर्ण मराठीत दिसतं. सर्व्हरवर शीर्षक आलं, पण तळाचा मजकूर अजून तसाच आहे. एक फरक पडला: मधल्या प्रश्नचिन्हांपैकी काही गेली, आणि काहींच्या जागी आता काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह दिसतं. दोन्ही मशीनवर कोड एकच, फाइलही तीच.

जुनी_वही

सर्व्हर विंडोजवर आहे का? आणि जावा १८ च्या आधीची? दोन्हींचं उत्तर "हो" असणार, आणि तळाची फाइल फाइलरीडरने वाचली जात असणार.

पहिलीपायरी

हो, हो आणि हो. सर्व्हरवर जावा ८ आहे. तुम्हाला कसं कळलं?

जुनी_वही

त्या काळ्या हिऱ्यावरून.

जुन्या जावात फाइलरीडरला एनकोडिंग (बाइटांची अक्षरं कोणत्या तक्त्याने करायची ते) सांगितलं नाही, तर तो मशीनचं डीफॉल्ट घेतो. तुमच्या लॅपटॉपवर ते यूटीएफ-८ आहे, म्हणून तिथे फाइल नीट वाचली गेली. विंडोजवर पश्चिमी सेटिंग असेल तर ते विंडोज-१२५२ असतं. तिथे तुमच्या फाइलीतला "म" हा वाचतानाच तीन रोमन अक्षरं झाला. रिकामी_ओळ म्हणाले ना, चुकीच्या चष्म्यातून वाचणारा ब्राउझरच असेल असं नाही? तुमच्याकडे तो जावाच होता. पुढे रिस्पॉन्स यूटीएफ-८ मध्ये गेला खरा, पण कचराच इमानेइतबारे यूटीएफ-८ मध्ये गेला.

आता हिरा. विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटांना अक्षरच नेमलेलं नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. जावा वाचताना त्यांच्या जागी "ओळखता आलं नाही" असं सांगणारं एक खास चिन्ह ठेवते, तेच ब्राउझरमध्ये काळा हिरा होऊन दिसतं. आणि आपला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, यूटीएफ-८ मध्ये कसा लिहिला जातो? २२४, १६५, १४१. म्हणजे तुमच्या मजकुरातल्या प्रत्येक जोडाक्षराच्या जागी एक हिरा. तुमच्या तळाच्या मजकुरात "संपर्क" असेल तर रफाराच्या जागी एक हिरा असणार, मोजून बघा. "ए" चा तिसरा बाइट १४३, तोही असाच जातो.

याचा एक गंभीर परिणाम आहे. मी असं पाहिलंय की लोक कचरा झालेला मजकूर उलट्या दिशेने फिरवून परत मिळवायला बघतात: रोमन अक्षरांचे बाइट करा, ते यूटीएफ-८ म्हणून वाचा. खरा लॅटिन-१ असेल तर ते जमतं, कारण तिथे २५६ च्या २५६ बाइटांना जागा आहे. विंडोज-१२५२ मधून गेलेलं जमत नाही. स्वर, व्यंजनं, मात्रा बहुतेक परत येतात आणि जोडाक्षरं सगळी फुटलेली राहतात. मराठीत जोडाक्षराशिवाय वाक्य कुठलं? त्यामुळे असा मजकूर कधी डेटाबेसमध्ये शिरू देऊ नका.

उपाय: फाइलरीडरऐवजी फाइल्स वर्गातला न्यूबफर्डरीडर वापरा, त्याला यूटीएफ-८ स्पष्ट सांगा. जावा १८ पासून, म्हणजे २०२२ पासून, डीफॉल्टच यूटीएफ-८ झालं आहे आणि चुकांची ही जात नामशेष होत चालली आहे, पण जावा ८ वर चालणारे सर्व्हर अजून खूप आहेत.

शीर्षक थेट कोडमध्ये लिहिलंय म्हणालात. मग कंपायलरलाही सोर्स फाइलीचं एनकोडिंग सांगून ठेवा, बिल्डसाठी मेव्हन वापरत असाल तर त्याच्या प्रॉपर्टीमध्ये. आज तुम्ही स्वतःच्या लॅपटॉपवर बिल्ड करताय म्हणून चाललंय. उद्या कोणी सर्व्हरवर बिल्ड केलं तर शीर्षक क्लास फाइलीत शिरतानाच बिघडेल.

पहिलीपायरी

मोजले. तळाच्या मजकुरात नऊ जोडाक्षरं आणि एक "एकूण". हिरे दहा. अंगावर काटा आला!

न्यूबफर्डरीडर लावला, सर्व्हरवरही पान पूर्ण मराठीत आलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा नीट झोपणार आहे.

रिकामी_ओळ

छान. आता थोडं विषयाला धरून पण पुढचं, कारण चाळीस पानं असोत की चार, हे पुन्हा पुन्हा आडवं येणार आहे.

सर्व्हलेट ब्राउझरला "पान" पाठवत नाही. तो तारेवर बाइटांची एक रांग सोडतो आणि त्या रांगेचा क्रम पक्का असतो. देवनागरीत लिहून दाखवतो:

एचटीटीपी/१.१ २००
कंटेंट-टाइप: टेक्स्ट/एचटीएमएल;कॅरसेट=यूटीएफ-८
कंटेंट-लेन्थ: २१

नमस्कार

वर स्थिती, मग हेडर, मग एक रिकामी ओळ, मग मजकूर. (माझं इथलं नाव त्या ओळीवरूनच आहे.) ती ओळ एकदा ओलांडली की मागे जाऊन हेडर बदलता येत नाही. सर्व्हलेटमधले जे जे नियम लहरी वाटतात ते बहुतेक इथूनच आलेत.

उदाहरणातला २१ हा आकडा मुद्दाम दाखवला. "नमस्कार" मध्ये जावाच्या हिशेबाने सात अक्षरं आहेत: न, म, स, हलन्त, क, काना, र. प्रत्येकी तीन बाइट, म्हणून २१. कंटेंट-लेन्थ बाइटांत मोजतात. मी पूर्वी एका ठिकाणी पान आधी स्ट्रिंगमध्ये जमवायचो आणि स्ट्रिंगची लेन्थ थेट कंटेंट-लेन्थ म्हणून द्यायचो. इंग्रजी पानावर अक्षरं तितकेच बाइट, कधी काही बिघडलं नाही. हिंदी पान केलं आणि ते शेवटाकडे कापलं जाऊ लागलं. ब्राउझर न मिटलेले टॅग स्वतःच मिटवून घेतो, त्यामुळे पान मोडकं दिसत नव्हतं, फक्त फॉर्मच्या शेवटचं "जतन करा" बटण नव्हतं. बटण का दिसत नाही म्हणून मी सीएसएसमध्ये शोधत बसलो होतो. शेवटी पानाचा सोर्स उघडून अगदी तळाला गेलो, तेव्हा शेवटचा शब्द अर्ध्यावर तुटलेला आणि त्याच्या टोकाला एक काळा हिरा.

तुमच्या कोडमध्ये कुठे कंटेंट-लेन्थ हाताने लिहिली असेल तर काढून टाका. लांबी माहीत नसेल तर एचटीटीपी १.१ वर कंटेनर (म्हणजे सर्व्हलेट चालवणारा, तुमच्याकडे टॉमकॅट) पान तुकड्यातुकड्याने पाठवतो आणि शेवट कुठे झाला तेही सांगतो. त्याला ते उत्तम जमतं.

पहिलीपायरी

शोधलं. दोन सर्व्हलेटमध्ये आहे, नेमकं स्ट्रिंगच्या लेन्थवरूनच. काढते.

अर्धविराम

एक मूलभूत शंका. हे सगळं इतकं हाताने कशाला? प्रिंटलाइनने एचटीएमएल छापणं हेच मुळात चुकीचं नाही का? स्प्रिंग बूट आणि थाइमलीफ या टेम्प्लेट इंजिनवर न्या, यूटीएफ-८ चा प्रश्नच उरत नाही. मी तिथे हा प्रकार एकदाही पाहिला नाही.

जुनी_वही

दिशा बरोबर आहे, मीही नवीन काही असेल तर तेच करेन. तुम्ही हा प्रकार पाहिला नाहीत कारण स्प्रिंग बूट एक फिल्टर (सर्व्हलेटच्या आधी चालणारा कोड) आधीच लावून ठेवतो, जो रिक्वेस्टला यूटीएफ-८ सांगतो, आणि रिस्पॉन्सला ते थाइमलीफकडून सांगितलं जातं. तेच काम इथे हातानेही होतं. सर्व्हलेट ४.० पासून तर वेब.एक्सएमएलमध्ये रिस्पॉन्सचं आणि रिक्वेस्टचं एनकोडिंग एकेका ओळीत देता येतं, सगळ्या पानांना लागू होतं.

पण खाली सर्व्हलेटच आहे, तिथून सुटका नाही, आणि सुटका हवी असं मला वाटतही नाही. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने सर्व्हलेट १९९७ मध्ये आणले. त्याआधी सीजीआय होतं, प्रत्येक रिक्वेस्टला नवी प्रोसेस उठायची. सर्व्हलेटने ते काम एकाच चालू जेव्हीएममधल्या (जावाचा कोड चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या) थ्रेडांवर आणलं. मग लोक प्रिंटलाइनला कंटाळले, अवतरणचिन्हांच्या आत अवतरणचिन्हं लिहून डोळे दुखायचे, म्हणून १९९९ मध्ये जेएसपी आलं, म्हणजे एचटीएमएलच्या पानातच जावा लिहायची सोय. टॉमकॅटही त्याच वर्षी सनने अपाचेला दिला. त्याची सुरुवात जेम्स डंकन डेव्हिडसन यांनी सनमध्ये असताना केली होती.

जेएसपीबद्दल लोकांना वाटतं की ते काही वेगळं यंत्र आहे. टॉमकॅटच्या वर्क फोल्डरमध्ये जाऊन बघा. तिथे तुमच्या जेएसपीची जावा फाइल झालेली सापडेल, आणि ती उघडली की आत काय? तुमचं एचटीएमएल, ओळीमागून ओळ, आउट.राइटमध्ये गुंडाळलेलं. जे काम तुम्ही हाताने करत होता ते आता टॉमकॅट करतो. मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला ही फाइल एकदा उघडायला लावतो. चेहरा बदलतो माणसाचा.

ही फाइल माहीत असली की आणखी एक कोडं सुटतं. जेव्हीएममध्ये एका मेथडचा बाइटकोड ६४ केबीच्या आतच लागतो. जेएसपीचं सगळं पान एकाच मेथडमध्ये जातं, त्यात स्टॅटिक इन्क्लूडने दहा फाइली ओढल्या की एक दिवस "कोड फार मोठा आहे" असं सांगत कंपाइल व्हायचं थांबतं. एचटीएमएलवर असली मर्यादा कशी, असं वाटतं. मर्यादा एचटीएमएलवर नाहीच, ती मेथडवर आहे.

पहिलीपायरी, तुमच्यासाठी सल्ला: सगळं एकदम हलवू नका. सर्व्हलेटने डेटा गोळा करावा, रिक्वेस्टच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवावा आणि जेएसपीला फॉरवर्ड करावं. जेएसपी वेब-आयएनएफ फोल्डरच्या आत ठेवा, म्हणजे कोणी थेट पत्ता टाकून ते उघडू शकणार नाही. एकेक पान असं करत गेलात तर काहीही न मोडता चाळीस पानं होतील. आणि कधी टॉमकॅट १० किंवा पुढचा घ्याल तेव्हा इम्पोर्टमधलं जावाएक्स बदलून जकार्ता करावं लागेल. २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये ते नाव बदललं.

पहिलीपायरी

एक पान तसं करून पाहिलं आणि नवीनच अडचण आली. जुन्या सर्व्हलेटमध्ये पानाचा वरचा भाग आधी छापला जातो, मग वापरकर्त्याला परवानगी आहे का ते तपासतात, आणि नसेल तर लॉगिनकडे सेंडरीडायरेक्ट. आजवर हे चालायचं म्हणे. आता मी वरच्या भागात मराठी मेन्यू घातला तर इलीगलस्टेटएक्सेप्शन येतं, "रिस्पॉन्स कमिट झाल्यावर रीडायरेक्ट करता येणार नाही" अशा अर्थाचं. तेसुद्धा कायम नाही, मेन्यू लांब असेल तरच.

रिकामी_ओळ

ती रिकामी ओळ तुमच्या आधीच निघून गेली.

प्रिंटलाइन केलं की बाइट लगेच तारेवर जात नाहीत, आधी बफरमध्ये साठतात. टॉमकॅटचा बफर डीफॉल्टने ८ केबीचा. तो भरेपर्यंत काहीही गेलेलं नसतं, म्हणून तोवर रीडायरेक्ट करता येतं: बफर रिकामा होतो, २०० च्या जागी ३०२ ("दुसऱ्या पत्त्यावर जा") जातो, ब्राउझर नव्या पत्त्यावर वळतो. बफर भरला की स्थिती, हेडर आणि मजकुराचा पहिला हप्ता निघून जातो. यालाच कमिट म्हणतात. त्यानंतर ३०२ पाठवणार कुठून? २०० तर ब्राउझरच्या हातात पडलाय. इंग्रजी मेन्यू ८ केबीत मावत होता. मराठीत अक्षरामागे तीन बाइट, तो मावला नाही.

कोणी तुम्हाला सांगेल बफर वाढवा. वाढवू नका. आज मेन्यू मावेल, उद्या त्यात दोन ओळी वाढल्या की पुन्हा तेच, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसाल.

परवानगी तपासणं सगळ्यात वर न्या, पहिल्या प्रिंटलाइनच्या आधी. खरं तर डेटाबेसमधून आणायचं तेही सगळं आधी आणा. पान अर्धं गेल्यावर डेटाबेसने मान टाकली तर ब्राउझरला ५००, म्हणजे चूक झाल्याची स्थिती, सुद्धा पाठवता येत नाही. वापरकर्त्याला यशाचा २०० आणि अर्धं पान मिळतं, आणि ते अर्धं पान पूर्ण आहे असं समजून तो पुढे जातो. यादीत पन्नासऐवजी बावीसच नावं दिसली तर त्याला कसं कळणार?

आणि सेंडरीडायरेक्टच्या पुढच्या ओळीवर रिटर्न आहे ना बघा. सेंडरीडायरेक्ट मेथड थांबवत नाही. परवानगी नसलेल्या माणसाला लॉगिनकडे पाठवून झालं, आणि खालचा "नोंद काढून टाका" वाला कोड तरीही चालला, असं होऊ शकतं. ब्राउझरमध्ये सगळं बरोबर दिसतं.

पहिलीपायरी

रिटर्न तीन ठिकाणी नव्हता. त्यातल्या एका ठिकाणी खाली खरोखरच डिलीट होतं. हे लिहितानाही हात थंड पडलेत.

कंसातला

उशिरा येतोय, पण जुने सर्व्हलेट हा विषय आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिलीपायरी, आज उद्या नाही, आत्ताच तुमच्या सर्व्हलेटच्या वर्गांमध्ये मेथडच्या बाहेर काय काय व्हेरिएबल आहेत ते बघा.

मी नवा असताना एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये वापरकर्त्याचं नाव वर्गाच्या पातळीवर ठेवलं होतं. डूगेटमधून ते भरायचं, आणि मेथडमागून मेथडला पास करायला नको म्हणून खालच्या सगळ्या मेथडनी तिथूनच वाचायचं. सोयीचं वाटलं. मी एकटा तपासत होतो तोवर उत्तम चाललं. पहिल्या आठवड्यात एका बाईंनी कळवलं की त्यांच्या पानावर भलत्याच माणसाचं नाव आणि त्याचा अर्ज दिसतोय. आम्ही त्यांचं म्हणणं मानलं नाही. त्यांच्या खात्यातून लॉगिन करून पान उघडून पाहिलं, बरोबर दिसलं, तक्रार बंद केली. मग तसंच आणखी एकाने कळवलं.

कंटेनर सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट बनवतो आणि शंभर रिक्वेस्ट आल्या तरी शंभर थ्रेड त्याच एका ऑब्जेक्टवर चालतात. बाईंच्या थ्रेडने नाव भरलं, तो डेटाबेसची वाट बघत थांबला, तेवढ्या क्षणात दुसऱ्या थ्रेडने त्याच जागी आपलं नाव लिहिलं. बाईंचा थ्रेड परत आला आणि दुसऱ्याचं नाव छापून मोकळा. दोघांनी एका सेकंदाच्या आत पान मागितलं तरच घडायचं, म्हणून आम्हाला कधी दिसलं नाही. दुरुस्ती चार ओळींची होती, व्हेरिएबल मेथडच्या आत. त्या बाईंना मी नंतर स्वतः पत्र लिहून चूक आमची होती हे कळवलं, पण त्यांचा अर्ज मधल्या काळात कोणी पाहिला असेल ते काही परत घेता येत नाही.

स्प्रिंगवाल्यांनीही लक्ष द्यावं. कंट्रोलरचाही डीफॉल्टने एकच ऑब्जेक्ट असतो.

तळटीप

कंसातला यांच्या प्रतिसादाला +१. एकट्याने क्लिक करून ही चूक सापडत नाही. दोन वेगळ्या खात्यांनी एकाच वेळी शेकडो रिक्वेस्ट मारा आणि प्रत्येक उत्तरात आपलंच नाव आहे ना ते प्रोग्रामने तपासा. मेथडमध्ये मुद्दाम दोनशे मिलिसेकंदांची झोप घातली तर लगेच उघडी पडते.

आणखी दोन छोट्या गोष्टी, कारण पहिलीपायरींच्या पानांवर फॉर्म आहेत.

वापरकर्त्याने टाइप केलेलं पानावर छापताना कोनी कंस, अँपरसँड आणि अवतरणचिन्हं एस्केप झालीच पाहिजेत. नाहीतर कोणी नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट टॅग लिहिला तर तुमचा सर्व्हलेट तो दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालवायला पाठवेल. जेएसपीवर गेल्यावर यात एक फसगत आहे: डॉलर आणि महिरपी कंसांत लिहिलेलं एक्स्प्रेशन काहीही एस्केप करत नाही. जेएसटीएल या जेएसपीच्या टॅगसंचातला सी-आउट टॅग करतो. दिसायला दोन्ही सारखंच काम करतात, म्हणून लोक छोटं ते वापरतात.

आणि मराठी नाव फॉर्ममधून येतानाही बिघडतं. पोस्ट केलेल्या फॉर्मसोबत ब्राउझर सहसा एनकोडिंग सांगत नाही, कंटेनर पुन्हा लॅटिन-१ धरतो. रिक्वेस्टवर सेटकॅरेक्टरएनकोडिंग यूटीएफ-८, तेही पहिल्या गेटपॅरामीटरच्या आधी. एखादा फिल्टर तुमच्या आधी एक जरी पॅरामीटर वाचून गेला असेल तर उशीर झाला, म्हणून हे काम सगळ्यात पहिल्या फिल्टरमध्ये ठेवा.

पहिलीपायरी

सगळ्यांचे आभार. काय काय झालं ते लिहून ठेवते, माझ्यासारखं कोणी शोधत आलं तर.

एनकोडिंगचा फिल्टर सगळ्यात आधी लावला आणि सेटकंटेंटटाइप एकेका सर्व्हलेटमधून काढून तिथेच नेला. पहिल्या प्रयत्नात फॉर्ममधलं नाव तरीही बिघडत होतं. तळटीप म्हणाले तेच: लॉगिंगचा एक जुना फिल्टर माझ्या पुढे होता आणि तो पॅरामीटर छापत होता. क्रम बदलल्यावर नाव नीट आलं.

परवानगीचं तपासणं वर गेलं, तीन रिटर्न घातले, त्या डिलीटसाठी वेगळी चाचणी लिहिली. कंटेंट-लेन्थच्या दोन्ही ओळी गेल्या. तीन पानं जेएसपीवर आली आहेत. वर्क फोल्डरमधली फाइलही उघडून पाहिली, माझंच एचटीएमएल आउट.राइटमध्ये बसलेलं बघताना फार गंमत वाटली.

वर्गाच्या पातळीवरची व्हेरिएबल शोधली. चाळीसपैकी सहा सर्व्हलेटमध्ये आहेत. पाचांत फक्त कॉन्फिगरेशन आहे, एकदा भरलं की बदलत नाही. सहाव्यात निवडलेल्या ग्राहकाचा क्रमांक आहे आणि तो डूपोस्टमध्ये भरला जातो. तळटीप यांनी सांगितल्याप्रमाणे झोप घालून दोन खात्यांनी रिक्वेस्ट मारल्या. पाचशेपैकी एकशे बारा उत्तरांत दुसऱ्याचा क्रमांक होता.

साहेबांना ते आकडे दाखवले. मराठी पानांचं काम दोन दिवस थांबवून आधी हे दुरुस्त करायला सांगितलंय, आणि जुने लॉग बघून कोणाला चुकीचं पान गेलं होतं का तेही शोधायचं ठरलंय.

कंसातला

लॉग शोधताना वेळेनुसार लावा आणि एकाच सेकंदातल्या जोड्या आधी काढा. आम्हाला तशाच सापडल्या होत्या. अडलात तर इथेच लिहा, मी रोज येतो.